विकिपीडियावर लेखावरून भांडण झालं तर मिटवायचं कसं? (खारपाणपट्ट्याची गोठ)

पूर्णाकाठचा मास्तर
राम राम मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, घरची साडेचार एकर कोरडवाहू. दोन वर्षांपासून मराठी विकिपीडियावर जमेल तसं लिहितो. रात्री जेवणं झाली की मोबाईलवरच, कारण कॉम्प्युटर शाळेत आहे आणि शाळेत लाईन राहीलच याचा भरवसा नाही.

झालं असं की मागच्या महिन्यात मी खारपाणपट्ट्याच्या, म्हणजे आमच्या पूर्णाकाठच्या खाऱ्या पाण्याच्या भागाच्या, माहितीत एक वाक्य टाकलं, "एके काळी येथे समुद्र होता व तो आटल्यामुळे येथील पाणी खारट आहे." आमच्या आजोबानं सांगितलं, त्याईच्या आजोबानं त्याईले सांगितलं, गावात कोणालेही विचारा. दुसऱ्या दिवशी एका सदस्यानं ते काढून टाकलं, कारण काय तर "संदर्भ नाही". मी परत टाकलं. त्यानं परत काढलं. मी परत टाकलं आणि बदलाच्या सारांशात लिहिलं की इथं येऊन एक घोट पिऊन पाहा. त्यानं परत काढलं. असं दोन दिवस चाललं, शेवटी एका प्रचालकानं, म्हणजे तिथल्या देखरेख करणाऱ्या सदस्यानं, पानाले कुलूप लावलं, आम्हाले बदल करता येईना, आणि तेही त्या काढणाऱ्याच्या आवृत्तीवर.

मले राग याचा आहे की माझ्या विहिरीचं पाणी मी रोज चाखतो आणि त्याले माझ्याच पाण्याचा पुरावा पुस्तकातून पायजे. मन उठून गेलं. लिहिणं सोडून द्यावं असं वाटून रायलं. तुमच्यापैकी कोणाचं असं भांडण झालं काय, झालं तर मिटलं कसं, की मिटतच नाही?

कपाशीवाला
पाणी खारं आहे याला पुरावा म्हणजे आमच्या घरची तुरीची डाळ. दोन तास चुलीवर ठेवा, शिजली तर मले सांगा.

अकोटची सून
हाव ना भाऊ. मी माहेरहून आली तेव्हा पहिला चाहा केला तर सासरे म्हणे सूनबाई, साखरेच्या जागी मीठ टाकलं काय. मी रडाले लागली. मग सासूबाई म्हणाल्या पाणीच तसं आहे, तुझं काही चुकलं नाही. आता शहानूर धरणाचं पाणी येते नळाला, पण ज्या दिवशी नळ नाही त्या दिवशी तोच चाहा.

मास्तर लिहिणं सोडू नका. तुम्ही सोडलं तर आमच्या भागाचं लिहील कोण?

सातपुड्याचा पायथा
मास्तर, मी बरीच वर्षं विकिपीडियावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधीच सांगतो, तुम्हाला न आवडणारं पण लिहिणार आहे.

तुमच्या एका वाक्यात दोन दावे आहेत. पाणी खारट आहे हा एक. समुद्र होता म्हणून खारट आहे हा दुसरा. पहिल्याबद्दल तुमचं आणि त्या सदस्याचं भांडण आहे का? मला तर नाही दिसत. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे, केंद्रीय भूजल मंडळाच्या जिल्हा अहवालात, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या अभ्यासात, सगळीकडे पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी खारं म्हणून नोंद आहे, संदर्भ ढीगभर मिळतील. भांडण दुसऱ्या दाव्याचं आहे आणि विहिरीचं पाणी कितीही चाखलं तरी ते खारं का झालं हे जिभेला कळत नाही. आजोबांनाही ते कुठून तरी ऐकूनच माहीत होतं.

अभ्यासकांतसुद्धा यावर वेगवेगळी मतं आहेत. एक मत तुमच्यासारखंच, की जुन्या समुद्राचा नाहीतर मोठ्या सरोवराचा खारा गाळ खाली आहे. दुसरं मत असं की पूर्णेनं आणून टाकलेला गाळ फार जाड आहे, माती चिकण, निचरा धड होत नाही, पाऊस कमी आणि ऊन जास्त, पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात, असं हजारो वर्षं साचत गेलं. आता विकिपीडियानं यातलं एक खरं म्हणून ठोकून द्यायचं का? त्याचं कामच नाही ते. कोण काय म्हणतं ते लिहायचं आणि ते कुठं छापलंय ते दाखवायचं.

आणि उलटवाउलटवीचं. इंग्रजी विकिपीडियावर सरळ नियम आहे, २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलं तर ब्लॉक होऊ शकतो, मग तुमचं म्हणणं खरं असो की खोटं. लोक त्याचा अर्थ रोज तीनदा उलटवायची सूट असा लावतात, तसंही नाही. खरी रीत अशी की तुम्ही धाडस करून बदल केला, समोरच्यानं उलटवला, तर तिथंच हात थांबवायचा आणि चर्चा पानावर, म्हणजे त्या लेखाबद्दल बोलायच्या वेगळ्या पानावर, जायचं. तुम्ही चर्चा पानावर एक तरी ओळ लिहिली का?

पूर्णाकाठचा मास्तर
नाही लिहिली. चर्चा पान असते हे माहीत होतं, पण वाटलं तिथं कोण वाचते.

सातपुड्याचा पायथा
तो वाचतो. तेवढ्यासाठीच असतं ते.

तर्रीबाज
मले तर प्रचालकाचं पटलं नाही राजेहो. कुलूप लावायचं तर बरोबर आवृत्तीवर लावा ना. हे तर पंचानं एकाची बाजू घेतल्यासारखं झालं.

सातपुड्याचा पायथा
@तर्रीबाज, बरोबर कोणती हे प्रचालकानं ठरवायचं नसतं. त्याच्याकडे कुलूप लावायची, सदस्य थांबवायची, पान काढायची किल्ली असते, पण लेखात काय खरं यावर त्याचं मत तुमच्या-माझ्याइतकंच. ज्या घडीला कुलूप लावलं त्या घडीला पान जसं होतं तसं राहतं. जगभर हीच तक्रार आहे, इतकी की विकिमीडियाच्या मेटा साईटवर एक जुनं गमतीचं पान आहे, त्यात म्हटलंय की प्रचालक नेहमी 'चुकीच्या आवृत्ती'वरच कुलूप लावतो.

लोणारकर
आमच्याकडची गोष्ट सांगतो. लोणार सरोवराचं वय किती? लहानपणापासून शाळेत, गाईडच्या तोंडी, पाटीवर, ५२ हजार वर्षं हेच ऐकलं. मग २०१० च्या सुमारास आर्गॉन पद्धतीनं खडकाचं वय काढलं तर निघालं ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार. दहापटीचा फरक हो. आधीचा आकडा थर्मोल्युमिनेसन्स नावाच्या पद्धतीनं काढलेला. आता लेखाच्या उजवीकडे ती माहितीची चौकट असते ना, त्यात वयाचा एकच रकाना. एक जण येतो, ५२ हजार करतो. दुसरा येतो, ५ लाख ७० हजार करतो. दोघांकडेही संदर्भ आहे, दोघंही प्रामाणिक आहेत आणि दोघंही एकमेकांना अडाणी समजतात.

हे कसं मिटवता येतं? चौकटीत भांडायचं नाही. खाली मजकुरात दोन वाक्यं लिहायची, आधी या पद्धतीनं इतकं वय काढलं होतं, नंतर त्या पद्धतीनं इतकं आलं. वाचणाऱ्याला दोन्ही कळतं. भांडण बऱ्याच वेळा जागेचं असतं, एका ओळीत दोन माणसं बसवायला गेलं की धक्काबुक्की होणारच.

दुसरं, कधी कधी नुसतं थांबावं लागतं. जून २०२० मध्ये आमचं पाणी गुलाबी झालं, आठवत असेल. लगेच जो तो आपापलं कारण सांगू लागला, कोणी शेवाळ, कोणी चमत्कार, कोणी अपशकुन. मग पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांमुळे रंग आला असं निघालं. दीड महिना थांबणाऱ्याला भांडावंच लागलं नाही.

सांबारवडी
माझं भांडण मिटलं नव्हतं, म्हणून लिहिते. मी एका पदार्थाच्या लेखात "सांबार बारीक चिरून घ्यावा" असं लिहिलं. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात, भाजीबाजारात जाऊन कोथिंबीर मागितली तर बाई दोनदा विचारते. एका सदस्यानं ते "सांबार वाटीत घ्यावे" असं सुधारलं आणि त्याला दक्षिणेकडच्या सांबारचा दुवा जोडून टाकला! मी दुरुस्त केलं तर म्हणे अशुद्ध शब्द वापरू नका, प्रमाण मराठीत लिहा. मी समजावलं. तर पुढचं वाक्य, "आधी मराठी शिका."

मी त्या दिवसापासून लॉग इन केलं नाही. तीन वर्षं झाली. पाककृतीवरून मला काही वाटलं नसतं, शब्द बदलला असता तरी चाललं असतं, पण ती मराठी माझ्या आईची आहे.

अकोटची सून
ताई, हे फार वाईट केलं त्यानं.

लोणारकर
@सांबारवडी, शब्दाचं भांडण तर सगळ्यात सोपं होतं हो. निःसंदिग्धीकरणाचं पान करायचं, सांबार म्हणजे दक्षिण भारतीय कालवण, सांबार म्हणजे विदर्भात कोथिंबीर, दोन ओळी. आपल्याकडे चांदूरचं तसंच आहे की. चांदूर रेल्वे, चांदूर बाजार, आमच्या जिल्ह्यात चांदूर बिस्वा. नुसतं चांदूर लिहिलं तर एसटीसुद्धा चुकेल.

सातपुड्याचा पायथा
शब्दाचं सोपं होतं, पण ताईंचं भांडण शब्दाचं राहिलंच नव्हतं. लिखाणावर बोला, लिहिणाऱ्यावर नाही, हा तिथला पहिला नियम आणि सगळ्यात जास्त मोडला जातो तोही हाच. "हे वाक्य बरोबर नाही" म्हटलं तर माणूस वाक्य सुधारतो. "तुम्हाला मराठी येत नाही" म्हटलं तर तो निघून जातो. इंग्रजीवर एक गेला तर दहा आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, एवढ्या वर्षांनंतरही आपल्याकडे रोज नेटानं लिहिणारे मूठभर, त्यात विदर्भाच्या बोलीवर लिहिणारी बाई गेली तर तिची जागा भरत नाही. ताई, तेव्हा चावडीवर टाकायला हवं होतं हे प्रकरण. आजही टाकता येईल.

तर्रीबाज
चावडी म्हणजे?

सातपुड्याचा पायथा
मराठी विकिपीडियावरच्या सगळ्यांच्या गप्पांच्या पानाचं नाव चावडी आहे. गावात जसं पारावर जमतात तसं. दोघांचं चर्चा पानावर जमलं नाही की तिथं सांगायचं, तिसरा-चौथा येऊन पाहतो. इंग्रजीवर यासाठी पायऱ्या आहेत. दोघांचाच वाद असेल तर तिसऱ्याचं मत मागायचं वेगळं पान, जास्त लोकांचा असेल तर वाद सोडवायचा फलक, त्याहून मोठा असेल तर सगळ्यांकडून मतं मागवायची, ती साधारण ३० दिवस चालतात. सगळ्यात वर लवाद समिती, ती पण लेखात काय लिहावं हे सांगत नाही, फक्त कोण कसं वागलं ते बघते. आपल्याकडे एवढी माणसंच नाहीत, म्हणून चर्चा पान आणि चावडी.

वर्धेचा पूल
सगळे नियमाची बाजू घेऊन रायले म्हणून मी दुसरी बाजू मांडतो. छापलेलं तेच खरं, हा नियम कोणाच्या सोयीचा आहे? ज्या भागावर पुस्तकं लिहिली गेली त्याच्या. मेळघाटातल्या कोरकू आजीला जंगलातल्या तीसेक भाज्या नावानिशी माहीत आहेत, त्या कोणत्या पुस्तकात आहेत? नसतील तर विकिपीडियाच्या हिशेबानं त्या नाहीतच. मास्तर जे म्हणत आहेत ते थोडं चुकलं असेल, पण त्यांचा राग खोटा नाही.

आणि हे मी एकटा म्हणत नाही. २०११ मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत विकिपीडियासाठी तोंडी संदर्भाचा प्रयोग झाला होता, मल्याळम, हिंदी आणि सेपेडी या भाषांत. गावात जाऊन लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि तेच संदर्भ म्हणून वापरून पाहिले. पुढे तो सगळीकडे नियम म्हणून काही रुजला नाही.

सातपुड्याचा पायथा
@वर्धेचा पूल, हे मान्य, अगदी मनापासून. मला स्वतःला याचं उत्तर सापडलेलं नाही. पण आजीच्या भाज्या आणि मास्तरांचा समुद्र यात फरक आहे. भाजी आजीनं खुडली, रांधली, खाल्ली. समुद्र कोणी पाहिला नाही.

वर्धेचा पूल
हो, तेवढं मी सोडतो.

कपाशीवाला
तो काढणारा पुण्याचाच असंन पाहा. तिकडच्या लोकाईले आपलं काही खपत नाही.

तर्रीबाज
मले पण तेच वाटते 😀 खारं पाणी त्यानं फक्त पाणीपुरीत पाहिलं असंन.

खांबोऱ्याची लेक
मी इतका वेळ वाचत होते. हसू येत होतं, पण आता लिहिते.

माझे बाबा किडनीनं गेले. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा अकोला, गाडीभाडं, उसनवारी, सगळं पाहिलं. आमच्या गावात गल्लीत असे पेशंट आहेत. मी पण त्याच माहितीत लिहिलं होतं की खाऱ्या पाण्यामुळे किडनीचे आजार होऊन माणसं मरतात. तेही काढलं गेलं. तेव्हा मला वाटलं की कोणीतरी माझ्या बाबांना खोडून टाकलं. मी त्या माणसाला फार वाईट बोलले, ते इथं लिहीत नाही.

त्यानं उत्तर दिलं. लांब दिलं. म्हणाला, आजाराच्या कारणाबद्दल लिहायचं तर नियम सगळ्यात कडक, कारण लोक वाचून औषधपाण्याचा निर्णय घेतात, आणि एका बातमीवरून अमुक पाण्यानं तमुक आजार होतो असं लिहिता येत नाही, डॉक्टरांचे अभ्यास लागतात. पण गावांमध्ये किडनीच्या रुग्णांबद्दल बातम्या आल्या आहेत, लोकांनी गोड्या पाण्याची मागणी केली आहे, हे घडलेलं आहे, हे लिहूया, आणि कारणाचं वाक्य वेगळं ठेवूया. मग त्यानंच तीन बातम्या शोधून दिल्या. आम्ही दोघांनी धूळपाटीवर, म्हणजे कच्चं लिहायच्या पानावर, ते वाक्य चार वेळा लिहिलं. आता ते आहे तिथं. माझ्या पहिल्या वाक्यापेक्षा लहान आहे, पण कोणी काढलं नाही.

मास्तर, बहुतेक तुमचा सदस्य आणि माझा एकच आहे. तो दुष्ट नाही.

अकोटची सून
🙏 तुमच्या बाबांबद्दल वाईट वाटलं ताई.

पूर्णाकाठचा मास्तर
ताई, हे वाचून दोन दिवस काही लिहू शकलो नाही. तुरीची सोंगणी पण सुरू होती.

एक गोष्ट मी वर सांगितली नव्हती ती सांगतो. माझं चौथ्यांदा उलटवून झालं तेव्हा मी माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना फोन केला आणि म्हटलं तुम्ही खातं उघडा आणि माझं वाक्य परत टाका. त्याईनं टाकलं, गुरुजीनं सांगितलं म्हणून. कुलूप लागलं ते त्यानंतर.

सातपुड्याचा पायथा
हे सांगितलंत ते चांगलं केलंत, पण मास्तर, हे उलटवण्यापेक्षा वाईट. एकाच माणसाची तीन तोंडं झाली. तिथं मतं मोजत नाहीत, सहमती बघतात, पाच जण विरुद्ध एक असले आणि त्या एकाकडे पुस्तक असलं तर त्याचंच राहतं. मुलांची खाती पण अडकली असती. चर्चा पानावर स्वतः सांगून टाका. आपण होऊन सांगणाऱ्याला तिथं सहसा सांभाळून घेतात.

लोणारकर
जरा विषयांतर. भांडणं फक्त आपल्याकडे होतात असं कोणाला वाटू नये म्हणून. इंग्रजी विकिपीडियावर दह्याच्या लेखाचं नाव काय ठेवायचं यावर आठ वर्षं वाद चालला. योगर्टच्या स्पेलिंगमध्ये एच घालायचा की नाही! २००३ ला सुरू, २०११ ला संपला, एच काढला. आणि पोलंडच्या ग्दान्स्क शहराला जर्मन नाव डांझिग वापरायचं की पोलिश, यावर इतकं झालं की २००५ मध्ये मतदान घ्यावं लागलं, ठरलं काय तर १३०८ ते १९४५ च्या काळाबद्दल लिहिताना डांझिग, बाकी ग्दान्स्क.

कपाशीवाला
आठ वर्षांत त्या दह्याचं ताक, लोणी, तूप सगळं झालं असतं ना भाऊ.

तर्रीबाज
आणि आपल्याकडे बुलढाणा की बुलडाणा?

लोणारकर
ते काढू नका, मी झोपणार नाही. एका नावावर लेख, दुसऱ्या नावावरून पुनर्निर्देशन. खारपाण आणि खारपानचं पण तसंच करता येतं, दोन्ही लिहून शोधलं तरी एकाच जागी पोचते माणूस.

वर्धेचा पूल
एक धोक्याची गोष्ट राहिली. बातमी मिळाली म्हणजे संदर्भ झाला असं समजू नका. बातमीदार पण विकिपीडिया वाचतो. आज तुम्ही लेखात विनासंदर्भ काही लिहिलं, उद्या ते बातमीत छापून आलं, परवा तीच बातमी तुमच्या वाक्याला संदर्भ म्हणून लागली की झालं, भोवरा फिरला. "इथे समुद्र होता" याच्या दोन बातम्या मला सापडल्या, दोन्हीत कोणी सांगितलं, कोणत्या अभ्यासात, काही नाही. तारीख पाहा, लेखातलं वाक्य आधीचं की बातमी आधीची. लेखाच्या इतिहास पानावर कोणी कधी काय बदललं ते सगळं दिसतं.

सांबारवडी
खांबोऱ्याची लेक, तुमचं वाचून मी काल लॉग इन केलं. पासवर्ड विसरले होते. सांबारचं ते पान केलं, दोनच ओळी, भाजीचं नाव आधी लिहिलं 😊 अजून तरी कोणी हात लावला नाही.

अकोटची सून
वा वा ताई!! आता वड्या पण लिहा, पुडाच्या.

पूर्णाकाठचा मास्तर
मंडळी, काय झालं ते सांगतो.

चर्चा पानावर लिहिलं. आधी विद्यार्थ्यांचं सांगितलं, चुकलं म्हटलं. मग पाण्याचं. चार दिवस उत्तर नाही, मले वाटलं संपलं. पाचव्या दिवशी आलं. त्यानं लिहिलं की मी पण तुमच्या वाक्याचं नुसतं "संदर्भ नाही" म्हणून काढत गेलो, कारण नीट सांगायला पाहिजे होतं, ते राहिलं. तो कुठला आहे हे मी विचारलं नाही. कपाशीवाला भाऊ, तुम्ही पण विचारू नका.

आमचं धूळपाटीवर आतापर्यंत असं जमलं आहे:

"पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांच्या काही भागांत भूजल खारट आहे. या क्षारांच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते ते प्राचीन समुद्राच्या किंवा सरोवराच्या गाळातील आहेत, तर काहींच्या मते अपुरा निचरा व जास्त बाष्पीभवन यांमुळे ते साचले आहेत. येथे पूर्वी समुद्र होता अशी परिसरात लोकधारणा आहे."

पहिल्या तीन वाक्यांचे संदर्भ त्यानं लावले. शेवटच्या वाक्यावर अडलं आहे. तो म्हणते लोकधारणा आहे हे पण कुठंतरी छापलेलं पायजे. मले आधी परत राग आला, मग वाटलं बरोबर आहे, उद्या कोणीही येऊन काहीही लोकधारणा म्हणून टाकेल. ते वाक्य आजोबाचं आहे, म्हणून ते मी सोडणार नाही.

वर्धेचा पूल
जुनी जिल्हा गॅझेटियर पाहिली का? नाहीतर गावाच्या शाळेची, ग्रंथालयाची जुनी स्मरणिका. लोककथांचं कोणी संकलन केलं असेल त्यात. समुद्र होता याचा पुरावा म्हणून नाही चालणार ते, पण लोक असं सांगतात याला पुरेल.

सातपुड्याचा पायथा
आणि अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा, खारपाणपट्ट्यावरचे प्रबंध असतात तिथं. प्रस्तावनेत बऱ्याच वेळा गावातली समजूत नोंदवलेली असते.

पूर्णाकाठचा मास्तर
सोमवारी सुट्टी टाकली आहे. सकाळच्या एसटीनं जातो.

सातपुड्याचा पायथा
पुस्तकाचं पहिलं पान आणि मजकुराचं पान, दोन्हीचा फोटो घ्या. पान क्रमांक दिसला पाहिजे. मागच्या वेळी मी तेवढ्यासाठी परत गेलो होतो.

अकोटची सून
पाण्याची बाटली घरून न्या गुरुजी.